घरातला गाण्यांचा सर्व्हर बंद का पडतो?



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर राज्यकारभारापासून वेदान्तापर्यंत नाना विषय होऊन गेले आहेत. त्या पंक्तीत आज मी संगणकातल्या एका प्रोग्रामचे दुखणे घेऊन बसलो आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण तारापूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि रात्री जेवणे झाल्यावर दिव्याखाली झाले. तेव्हा हा थोडा आगाऊपणाच आहे. परंतु अपघाताची चौकशी कशी करावी एवढे मला माझ्या कामाने शिकवले आहे, आणि घरातला सर्व्हर मध्येच बंद पडणे हा एक लहानसा अपघातच असतो.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरी ती असूनही तिचे नाव त्यांना ठाऊक नसेल. पूर्वी फोनोग्राफची तबकडी, सुई आणि कर्णा एकाच टेबलावर असत. गाणे जिथे ठेवलेले तिथेच वाजत असे. आता गाणी एका खोलीतल्या डिस्कवर असतात, वाजतात दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवर, आणि कोणते लावायचे ते आपण ओट्यापाशी उभे राहून मोबाइलवर सांगतो. या तिघांच्या मध्ये बसून यादी सांभाळणारा, मागितलेले गाणे काढून वायफायवरून स्पीकरकडे धाडणारा जो प्रोग्राम, तो सर्व्हर. याला वेगळा मोठा संगणक लागत नाही. पत्त्याच्या डबीएवढे यंत्र पुरते. रास्पबेरी पाय नावाचे असे यंत्र २०१२ पासून बाजारात आहे, आणि आमच्या माकुणसारच्या घरीही त्याच जातीचे एक आहे.

या प्रोग्रामांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत स्लिम डिव्हायसेस या लहानशा कंपनीने २००१ च्या सुमारास नेटवर्कवरून गाणी वाजवणारे एक यंत्र काढले आणि त्याच्यासाठी स्लिमसर्व्हर हा प्रोग्राम पर्ल भाषेत लिहून सर्वांना खुला ठेवला. २००६ मध्ये ती कंपनी लॉजिटेकने घेतली. २०१२ मध्ये लॉजिटेकने ती यंत्रे बनवणे थांबवले, आणि २०२४ मध्ये त्यांना जोडलेली इंटरनेटवरची आपली सेवाही मिटली. एरवी कथा इथे संपली असती. पण प्रोग्रामची संहिता खुली होती, म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी तो चालू ठेवला. आज त्याचे नाव लिरियन म्युझिक सर्व्हर आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची यंत्रेही त्यावर वाजतात. मालकाने गिरणीला कुलूप लावले आणि कामगारांनी ती चालवून दाखवली, असे माझ्या आयुष्यात मी फार क्वचित पाहिले आहे. म्हणून हा प्रसंग मी आवर्जून सांगतो. असेच खुले दुसरेही अनेक प्रोग्राम आहेत. आमच्या घरच्या प्रोग्रामचे नाव मात्र सांगत नाही, कारण पुढे दिसेल की दोष त्याचा एकट्याचा नव्हता.

आता घरची हकीकत. १९९४ साली मी साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर आईच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या. पहाटे ती दळायला बसे तेव्हा टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून दिला होता. त्यामुळे ओव्यांबरोबर जात्याची घरघर आणि मध्येच कोंबड्याचे आरवणेही आले आहे. आई पुढे गेली. आपल्याकडची खारी, दमट हवा कॅसेटच्या फितीला बुरशी आणते हे आपणा सर्वांना माहीत आहे. २०१६ साली ती फीत कशीबशी एकदा वाजवून संगणकात उतरवली, आणि दुसऱ्यांदा वाजवायला गेलो तेव्हा ती तुटली. म्हणजे आईचा आवाज आता फक्त त्या डिस्कवर. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या आज ‘पारी’च्या संग्रहात ऐकायला मिळतात. तेवढे भाग्य प्रत्येक घराच्या ओव्यांना कुठले!

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर हा सर्व्हर दर सकाळी मेलेला सापडू लागला. यंत्राचा दिवा चालू, वायफाय चालू, पण मोबाइलवर गाण्यांची यादीच येईना. बंद करून चालू केला की दिवसभर वाजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाचा म्हणाला, “मामा, फॉरमॅट मारून नवीन टाकू या, अर्ध्या तासाचं काम.” जवळच्या शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यानेही हेच सांगितले, आणि वर म्हणाला की डिस्कही साफ करून देतो. मी दोघांनाही थांबवले. खातेनिहाय चौकशीत आम्ही नेहमी म्हणतो की आरोपपत्राआधी शिक्षा नको. पुसून टाकल्याने दुखणे जाईलही, पण कारण कळणार नाही आणि पुरावाही जाईल. इथे तर पुराव्याबरोबर आईही गेली असती. म्हणून पहिले काम हे केले की गाण्यांची सगळी डिस्क दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून घेतली आणि ती कपाटात ठेवली. त्यानंतरच यंत्राला हात लावला. आपणही हाच क्रम ठेवा. सर्व्हरची यादी, म्हणजे त्याचा डेटाबेस, गाण्यांवरून पुन्हा तयार करता येतो. यादीवरून गाणी तयार होत नाहीत.

दुसरा प्रश्न असा की सर्व्हर खरोखर मेला आहे काय? लोक तीन वेगळ्या गोष्टींना ‘बंद पडला’ म्हणतात. एक, प्रोग्राम संपला. दोन, प्रोग्राम जिवंत आहे पण गुंतून पडला आहे, उत्तर देत नाही. तीन, प्रोग्राम ठणठणीत आहे, पण मोबाइलला तो सापडत नाही. या तिसऱ्या प्रकारात सर्व्हरवर खापर फुटते आणि चूक असते रस्त्याची. राउटर प्रत्येक यंत्राला जो आकडी पत्ता देतो तो वीज गेल्यावर बदलू शकतो. मोबाइल मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. किंवा मोबाइल पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असतो आणि त्याला घरातली यंत्रे दिसतच नाहीत. परीक्षा सोपी आहे. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आकडी पत्ता आणि त्यापुढे दाराचा क्रमांक घालावा. लिरियनचे दार ९००० आहे. पान उघडले तर सर्व्हर जिवंत, रस्ता तपासा. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता कायमचा राखून ठेवला की यातल्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

आमचा सर्व्हर मात्र पहिल्या प्रकारातला होता. तेव्हा लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहिलेली रोजनिशी. तारीख, वेळ आणि काय केले ते ओळीओळीने असते. यंत्राच्या मुख्य व्यवस्थेचा, म्हणजे लिनक्सचा, स्वतःचा वेगळा लॉग असतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे असतात. अपघातानंतर फोरमनची वही आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही दोन्ही मागवाव्या लागतात, तसेच हे.

लॉगने पहिली गोष्ट सांगितली ती वेळेची. चारही रात्री मृत्यू तीन वाजून काही मिनिटांनी झाला होता. आणि पहाटे तीन ही आम्हीच नेमून दिलेली वेळ होती: सर्व्हरने सगळी डिस्क फिरून नवी गाणी यादीत घ्यावी, याला स्कॅन म्हणतात. म्हणजे प्रकरण गाणी वाजवण्याचे नसून मोजणीचे होते. वेळ जुळली की अर्धी चौकशी होते. सर्व्हर संध्याकाळी पंप चालू होताना पडतो, की रात्री स्कॅनच्या वेळी, की ठरावीक एक गाणे लावले की, हे आधी आठ दिवस कागदावर लिहून काढावे. त्या कागदाइतका उपयोगी दुसरा सल्लागार मला आढळलेला नाही.

दुसरी गोष्ट लॉगने सांगितली, आणि इथे मी फसलो. चारही रात्री शेवटची ओळ एकच होती: आईच्या ओव्यांची फाइल, बाजू ब. भाचा म्हणाला, “हीच फाइल खराब आहे, मामा. काढून टाकू.” मलाही ते पटत चालले होते. शेवटची सही ज्याची तोच गुन्हेगार, असा न्याय मी व्यवस्थापनाकडून किती वेळा ऐकला आहे आणि किती वेळा त्याविरुद्ध भांडलो आहे; पण स्वतःच्या घरी तोच न्याय लावायला मी तयार झालो होतो! फाइल पुसली नाही, फक्त बाजूला दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली. त्या रात्री सर्व्हर पुन्हा मेला. आता शेवटची ओळ बाजू अ ची होती.

याचा अर्थ काय? लॉगमधली शेवटची ओळ हे नोंद झालेले शेवटचे काम असते. घात त्याच्या पुढच्या, नोंद न झालेल्या कामात असू शकतो. त्या फोल्डरमधल्या फाइली बिनतक्रार वाचून झाल्या होत्या. फाइली संपल्यावर प्रोग्राम पुढे काय करतो ते पाहायला हवे होते. मग लिनक्सचा लॉग पाहिला. त्यात त्याच मिनिटाला स्वच्छ लिहिलेले होते: आउट ऑफ मेमरी, आणि त्यापुढे आमच्या सर्व्हरला ठार केल्याची नोंद.

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. यंत्रातल्या सर्व प्रोग्रामांना मिळून जी मेमरी असते ती संपत आली की लिनक्स एकाचा बळी घेते, म्हणजे बाकीचे जगावेत. बळी निवडताना मुख्यतः कोण किती मेमरी अडवून बसला आहे ते पाहिले जाते. अपराध कोणाचा हे पाहिले जात नाही. कपातीच्या यादीचेही असेच असते, पण तो आजचा विषय नव्हे. मरणाची कारणे आकड्यांनीही कळतात. ‘९’ हा आकडा दिसला तर बाहेरून ठार केले आहे. तिथे मेमरीचा संशय घ्यावा. ‘११’ दिसला तर प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी चाचपली. तिथे प्रोग्रामातली चूक, एखादा विसंगत प्लगिन किंवा बिघडलेली मेमरी यांचा संशय घ्यावा. काही ठिकाणी यात १२८ मिळवून हेच आकडे १३७ आणि १३९ असे छापतात.

मेमरी कशाने संपली? आमच्या यंत्रात ५१२ एमबी मेमरी आहे. गाणी वाचायला ती भरपूर होते. सीडीच्या प्रतीचे गाणे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह, या हिशेबाने तासाला सुमारे ६३५ एमबी होते. पण सर्व्हर ते एकदम गिळत नाही, घासाघासाने पुढे सरकवतो. चित्राचे तसे नाही. फोल्डरमध्ये गाण्यांशेजारी मुखपृष्ठाचे चित्र ठेवले तर प्रोग्राम ते लहान करून मोबाइलवर दाखवतो, आणि लहान करण्यासाठी पुष्कळदा आधी ते पुरते उलगडतो. भाच्याने प्रेमाने आईच्या कॅसेटच्या वेष्टनाचा फोटो आपल्या नव्या मोबाइलवर काढून त्या फोल्डरात ठेवला होता. तो फोटो १०८ मेगापिक्सेलचा: १२,००० आडवे, ९,००० उभे, म्हणजे १० कोटी ८० लाख ठिपके. डिस्कवर तो दाबून ठेवलेला असल्यामुळे लहान दिसतो. उलगडला की प्रत्येक ठिपक्याला निदान तीन बाइट, म्हणजे ३२ कोटींहून अधिक बाइट. ५१२ पैकी ३२४ एमबी एका चित्राने घेतले. बाकीच्यांनी राहायचे कुठे? चित्र ६०० बाय ६०० चे करून ठेवले, ओव्यांची फाइल जागेवर आणली, आणि त्या रात्री स्कॅन पूर्ण झाला. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचाही दोष मी मानीत नाही. एवढे मोठे चित्र नाकारण्याची अक्कल प्रोग्रामला असायला हवी होती. तसे मी प्रोग्रामकर्त्यांना लिहून कळवले.

लॉगने असा धागा दिलाच नाही तर निम्मे करण्याची रीत आहे. गाण्यांचे निम्मे फोल्डर यादीबाहेर ठेवा आणि स्कॅन करा. पडला तर दोष आत राहिलेल्या निम्म्यात, नाही पडला तर बाहेरच्यात. पुन्हा त्याचे निम्मे. दोन हजार फायलींतून एक फाइल शोधायला अशा अकरा फेऱ्या पुरतात. कंटाळवाणे आहे खरे, पण यात अंदाजाचा भाग नाही. प्लगिनांचेही तसेच: सगळी बंद करून पाहावे आणि एकेक चालू करत जावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल केले आणि दुखणे गेले, तर कशाने गेले ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

मराठी माणसाच्या संग्रहाला एक खास दुखणे असते, ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. नुसत्या ‘श्री’ मध्ये श, पाय मोडण्याची खूण, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. तेव्हा पद, नाटक, गायक, राग आणि साल असे सगळे एकाच नावात कोंबले की ८५ चिन्हांत गाडी अडते. विंडोजमध्ये मोजदाद वेगळी असल्यामुळे तेच नाव तिथे चालते आणि लिनक्सवर उतरवताना नेमक्या त्याच फायली मागे राहतात. दुसरे, आपला ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’ या शब्दातले ते अक्षर संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येते: अखंड ऱ म्हणून, र आणि खाली नुक्ता म्हणून, आणि र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. यंत्राला ती तीन वेगळी नावे. जुन्या मॅकवरून आणलेल्या फायलींत अखंड ऱ चे तुकडे झालेले असतात. मग यादीत गाणे दिसते आणि दाबले की ‘फाइल सापडत नाही’. सोशिक प्रोग्राम पुढचे गाणे लावतो. हळवा असेल तो तिथेच बसकण मारतो. यावर मी गावठी उपाय केला आहे: फाइलचे नाव आखूड ठेवायचे, शक्यतो ‘ऱ्या’ टाळायचा, आणि सगळी सविस्तर माहिती फाइलच्या आतल्या टॅगांत लिहायची.

विजेविषयी आपल्या भागात न बोलून चालणार नाही. पावसाळ्यात वीज किती वेळा येते-जाते ते मी सांगायला नको. ही लहान यंत्रे पाच व्होल्टवर चालतात, आणि रास्पबेरी पायच्या पुष्कळ मॉडेलांत दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की यंत्र लॉगमध्ये तशी तक्रार नोंदवते. मोबाइलचा पडलेला जुना चार्जर लावला, वर यूएसबीची डिस्क जोडली, की डिस्क फिरू लागण्याच्या क्षणी दाब कोसळतो. डिस्क क्षणभर नाहीशी होते. त्याच वेळी स्कॅन चालू असला तर सर्व्हरला वाटते की गाणी घरातून गेली, आणि तो इमानाने ती यादीतून काढून टाकतो. आमच्याकडे ओव्यांचे प्रकरण मिटल्यावर महिनाभराने हेही झाले. लिनक्सच्या लॉगमध्ये यूएसबी तुटल्याच्या ओळी होत्या. योग्य क्षमतेचा चार्जर घेतला, डिस्कला स्वतंत्र वीज दिली, आणि थांबले. अचानक वीज जाण्याने मेमरी कार्डावरच्या नोंदी अर्धवट राहतात त्याही वेगळ्याच. घरातल्या वायफायला लहान यूपीएस असेल तर त्यालाच हे यंत्रही जोडावे.

एका युक्तीविषयी सावध करतो. सर्व्हर मेला की आपोआप पुन्हा चालू व्हावा अशी सोय लिनक्समध्ये करता येते. ती करावी, माझी हरकत नाही. परंतु ती केल्यावर लॉग पाहणे सोडू नये. पूर्वी घराघरांत फ्यूज सारखा उडतो म्हणून दुहेरी तार बांधणारे असत. दिवे जात नसत, भिंतीतली वायर मात्र तापत राही.

आणि कारण शोधूनही सापडले नाही, तर प्रोग्रामकर्त्यांना कळवावे. खुल्या प्रोग्रामांत हे करता येते आणि पुष्कळदा उत्तरही येते. पण ‘तुमचा प्रोग्राम चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. प्रोग्रामची आवृत्ती, यंत्र कोणते, मेमरी किती, काय केल्यावर पडतो, दर वेळी पडतो की कधीमधी, आणि पडण्याआधीच्या पन्नास-शंभर ओळींचा लॉग इतके द्यावे. लॉगमध्ये घरचा पासवर्ड वगैरे आला असेल तर तो आधी खोडावा. माझ्या पत्रात मी फोटोचे माप आणि मेमरीचा हिशेब मांडला होता. मोडके इंग्रजी होते, पण आकडे बरोबर होते.

ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक सर्व्हरवर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक भाच्याकडे बोईसरला. तिन्हींत फाइलचे नाव आहे ‘आई बाजू ब’. त्यात एकही ‘ऱ्या’ नाही.